'थांबा'ची पाटी मागायच्या आधी चौकात उभे राहा

चौकात एखादी गाडी अगदी अंगावरून गेली की पहिली मागणी होते 'थांबा'च्या पाटीची. मीही तसा अर्ज लिहिला होता. मग दोन संध्याकाळी वही घेऊन कोपऱ्यावर उभी राहिले आणि तो फाडून टाकला.

आधी एवढंच ठरवा, की भांडण 'आधी कोण जाणार' याचं आहे की वेगाचं? पहिल्यावर पाटी उत्तम. कुणी थांबायचं ते ठरतं, नवख्यालाही कळतं, चालणाऱ्याला ओलांडायला उसंत मिळते. अष्टकोनी आकाराचा फायदा म्हणजे आडव्या रस्त्यावरून पाटीची नुसती पाठ दिसली, तरी समोरच्याला थांबायचंय हे कळतं.

वेगावर मात्र ती औषध नाही. अमेरिकेच्या २००९ च्या वाहतूक-चिन्हांच्या नियमावलीत तर वेग आवरण्यासाठी ही पाटी वापरू नये असं स्पष्ट म्हटलंय. कारण साधं आहे. गाडी पाटीपाशी हळू होते आणि वाया गेलेला वेळ भरून काढायला दोन चौकांच्या मधे सुसाट सुटते. मुलं खेळतात ती नेमकी त्याच मधल्या पट्ट्यात. शिवाय दर वेळी ब्रेक, परत पहिला गिअर, त्याचा आवाज, धूर आणि जास्तीचं इंधन. कोपऱ्यावरच्या घराला हे रात्रंदिवस ऐकावं लागतं.

आता वही काढा. गर्दीच्या वेळी एक तास आणि निवांत वेळी एक तास, दोन्ही रस्त्यांवरची वाहनं वेगवेगळी मोजा, चालणारेही मोजा. आडव्या रस्त्यावर कुणीच येत नसेल, तर लोक पाटीला जुमानणं सोडतात. चाक फिरतं ठेवूनच पुढे सरकतात, आणि पाटीवर विसंबून रस्ता ओलांडणारा फसतो. पाटी नसण्यापेक्षा हे वाईट, असं माझं मत.

मग गाडीत बसणाऱ्याच्या डोळ्यांइतकं, जमिनीपासून साधारण एक मीटरवर येईल एवढं, वाका आणि दोन्हीकडे पाहा. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद लागला, तर तेवढ्यातच सोळा-सतरा मीटर गेले, ब्रेक लागायचा तो त्यानंतर. तेवढ्या अंतरावरचंही दिसत नसेल, तर आधी आड येणारं झाड छाटा, कोपऱ्यावर गाड्या लावणं बंद करा. (आमच्या चौकात आड येत होतं ते माझंच मेंदीचं कुंपण. शेजाऱ्यांना मी हे बरेच दिवस सांगितलं नव्हतं.)

एवढं करूनही धडका थांबत नसतील, तर अर्ज करा. वरच्याच नियमावलीत चारही बाजूंना पाटी लावण्याचा एक निकष आहे: पाटीने टळू शकले असते असे पाच अपघात बारा महिन्यांत. तेव्हा अर्जाला तारखा जोडा. आणि तक्रार वेगाचीच असेल, तर पाटीऐवजी गतिरोधक किंवा चौकाच्या मधोमध वळसा घालायला लावणारं छोटं वर्तुळ मागा.