साठीनंतर अजिंठ्यात फोटो काढताना
व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं अंधुक दिसलं की दोष लेन्सचा वाटतो. बहुतेकदा शेजारची डायॉप्टरची, म्हणजे व्ह्यूफाइंडर आपल्या नजरेला जुळवणारी, चकती सरकलेली असते. चष्मा लावूनच पाहा, कॅमेरा आभाळाकडे धरा आणि चित्र सोडून आतले आकडे ठळक होईपर्यंत चकती फिरवा.

लेण्यांत फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडला परवानगी लागते. जड झूम घरीच बरी, पायऱ्यांचं ओझं गुडघ्यांना पुरे! अंधारातही भरपूर प्रकाश घेणारी ३५ मिमी, एफ/१.८ ची लेन्स घ्या. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२००, शटर १/६० सेकंद. आयएसओ वाढल्यानं दाणे येतील, पण ते हललेल्या फोटोपेक्षा परवडतात. कोपरं बरगड्यांना टेकवून, श्वास सोडताना सलग तीन फोटो घ्या. बटण दाबताना पहिला हलतो, मधला बहुधा स्थिर येतो.

सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद.