रेंज गेल्यावर काय वाजतं? कोकणात म्युझिक ॲप पारखून घेताना

म्युझिक ॲपच्या जाहिरातीत कोट्यवधी गाणी असतात. रोजच्या ऐकण्यात त्यातली फार तर दोन-तीनशे येतात. ती आंबा घाटात, दाभोळच्या फेरीबोटीत किंवा पावसाळ्यात वीज जाऊन टॉवरची बॅटरी संपल्यावर वाजतील का, ही कोकणातली खरी परीक्षा. शहरातल्या वायफायवर बसून केलेली तुलना इथे निम्मीच कामाला येते. म्हणून पारख स्वतःच करावी, तीही फुकट चाचणीच्या काळात, एका वेळी एकच ॲप घेऊन.

ॲप उतरवण्याआधी कागदावर तीस गाणी लिहा. दहा रोजची, पाच जुनी नाट्यपदं किंवा शास्त्रीय, पाच अभंग-भजनं-आरत्या, चार कोळीगीतं किंवा मालवणी-कोंकणी, तीन अगदी नवी, आणि तीन अशी की जी कुठे मिळतील याची खात्री नाही. ही शेवटची तीनच बऱ्याचदा निकाल लावतात. हिंदी सिनेमाची गाणी बहुतेक ठिकाणी मिळतात, त्यांच्यावरून फारसं काही ठरत नाही.

प्रत्येक गाणं आधी देवनागरीत शोधा, मग रोमन अक्षरांत, मग बोलून. मराठी गाण्यांची नावं रोमनमध्ये कशी लिहायची याचा काही नियम नाही. जितेंद्र अभिषेकींच्या नावात कुणी ‘आय’ लिहितं, कुणी ‘डबल ई’, आणि काही ॲप्सना दोन्ही स्पेलिंगं एकाच माणसाची आहेत हे कळत नाही. त्यात संगीतकाराला गायकाच्या जागी टाकलेलं असतं, एकाच नावाचे दोन कलाकार एका पानावर आलेले असतात. घरात वडीलधारी माणसं ऐकणार असतील तर मराठीत बोलून शोधण्याची चाचणी सोडू नका. ती टाइप करायला जाणार नाहीत. सापडलं नाही तर तुम्हालाच हाक मारतील.

गाणं सापडलं म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. तेच ध्वनिमुद्रण आहे का ते बघा. जुन्या ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावत. मास्टर दीनानाथ १९४२ साली गेले, त्यांची पदं त्या तबकड्यांच्या काळातली. त्यांच्या नावावरचं पद सहा मिनिटांचं दिसलं, तर ते बहुधा दुसऱ्या कुणी नंतर गायलेलं असतं किंवा दोन बाजू जोडलेल्या असतात. वेळेचा आकडा बघितला की अर्धी फसवणूक तिथेच पकडता येते. मग अल्बमचं नाव आणि कंपनी. ‘बेस्ट ऑफ’ छापाच्या संग्रहात एकच गाणं पाच वेळा येतं आणि पाचही ठिकाणी आवाजाचा दर्जा वेगळा असतो.

डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), जाखडी, शक्ती-तुरा, दशावतार या कोकणातल्या लोककलांची गोष्ट निराळी. यातलं पुष्कळसं कुठल्या कॅसेट कंपनीकडे नाहीच, लोकांनी कार्यक्रमात रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलेलं आहे. यूट्यूब म्युझिकमध्ये अशा व्हिडिओंचा आवाजही ऐकता येतो, त्यामुळे या बाबतीत ते पुढे आहे. त्याची किंमतही आहे: मागच्या रांगेतून मोबाइलवर घेतलेला आवाज, मध्येच निवेदन, आणि टाकणाऱ्याने व्हिडिओ काढला की गाणं गायब. रोज भजनं ऐकणाऱ्याने तरीही हेच घ्यावं. बाकीच्यांनी तीस गाण्यांचा हिशोब मांडावा. योग्य ध्वनिमुद्रणासह चोवीसच्या वर मिळाली तर ॲप ठेवण्यासारखं. अठराच्या खाली असेल तर पुढची तपासणी करण्यात वेळ घालवू नका.

डेटाचा हिशोब

गाण्याला दर सेकंदाला किती डेटा लागतो ते केबीपीएसमध्ये मोजतात; आकडा मोठा तेवढा आवाज सहसा चांगला. या आकड्याला ०.४५ ने गुणलं की ताशी किती एमबी जाणार ते कळतं. ९६ केबीपीएसला ताशी ४३ एमबी, १६० ला ७२, ३२० ला १४४. स्पॉटिफायच्या ‘लो’, ‘नॉर्मल’, ‘हाय’ आणि ‘व्हेरी हाय’ या पायऱ्या अनुक्रमे २४, ९६, १६० आणि ३२० च्या आसपासच्या; शेवटची पैसे भरल्यावर मिळते. यूट्यूब म्युझिक २५६ पर्यंत जातं, ॲपल म्युझिकचं साधं ऐकणंही २५६ चं. लॉसलेसला, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातलं काहीही न गाळलेल्या आवाजाला, ताशी तीनशे-चारशे एमबी सहज लागतात. दिवसाला तीन तास ३२० वर ऐकलं तर ४३२ एमबी, म्हणजे दीड जीबीच्या रोजच्या पॅकमधला चौथ्या हिश्शाहून अधिक. तीन तास ९६ वर ऐकलं तर १३० एमबी.

रोजचा डेटा संपल्यावर बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात ९६ चं गाणं अडकत अडकतच वाजणार, २४ चं मात्र चालू राहतं. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, पण बातम्या, कीर्तन, गप्पांचे कार्यक्रम यांना पुरतो. दर्जा ‘ऑटोमॅटिक’वर ठेवून हे आपोआप जमतं का ते एकदा डेटा संपल्यावर बघून घ्या. यूट्यूब म्युझिक वापरताना व्हिडिओ न उतरवता फक्त आवाज घेण्याची सेटिंग चालू आहे ना, तेही तपासा. नाहीतर वरचा सगळा हिशोब कोलमडतो.

गाणी उतरवून ठेवण्यासाठी रात्री साडेअकराची वेळ चांगली. बारा वाजता नवा डेटा येणार असतो आणि उरलेला वाया जाणार असतो. पाच मिनिटांचं एक गाणं १६० वर ६ एमबी, म्हणजे दोनशे गाणी १.२ जीबी. दोन रात्रींत काम होतं. डाउनलोड ‘वेटिंग’वर अडकून बसलं तर नेटला दोष देण्याआधी सेटिंग्ज उघडा. मोबाइल डेटावर डाउनलोड करू देण्याचं बटण बऱ्याच ॲप्समध्ये मुळातच बंद असतं.

रेंज नसतानाची परीक्षा

इथे घाई करू नका. निकाल याच भागावर लागतो.

१. पन्नास गाण्यांची यादी उतरवा. प्रत्येक गाण्यापुढे खूण आली का ते खालपर्यंत सरकवून बघा. दोन-तीन गाणी मागे राहतात आणि नेमकी घाटात आठवतात.

२. फोन एअरप्लेन मोडवर टाका, ॲप पूर्ण बंद करा, पुन्हा उघडा. उतरवलेली गाणी समोरच दिसतात, की रिकामं पान येतं आणि चार ठिकाणी बोट मारावं लागतं?

३. तशाच अवस्थेत फोन बंद करून चालू करा. पुन्हा लॉगिन मागत असेल तर ते ॲप प्रवासाच्या कामाचं नाही.

४. स्क्रीन बंद करून अर्धा तास वाजू द्या. मध्येच थांबलं तर दोष ॲपचा असेलच असं नाही. काही अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स मारतात. सेटिंग्ज, ॲप्स, त्या ॲपचं नाव, बॅटरी, असं जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा आणि पुन्हा तपासा.

५. आता सगळ्यात वाईट अवस्था: एक कांडी रेंज. एअरप्लेन मोडमध्ये ॲपला नेट नाही हे निदान कळतं. एका कांडीवर त्याला वाटतं नेट आहे, म्हणून ते अल्बमचं चित्र नि पुढच्या शिफारशी मागत बसतं आणि उतरवलेलं गाणंसुद्धा सुरू करायला वेळ लावतं. घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांत ही रोजची स्थिती. ‘ऑफलाइन मोड’चं बटण ॲपमध्येच असेल तर मोठी सोय, कारण फोन चालू राहतो आणि फक्त गाण्यांचं नेट बंद होतं. स्पॉटिफायमध्ये ते आहे.

कोकण रेल्वेवर ९१ बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा. ताशी ८० च्या वेगात तो पार करायला पाच मिनिटं लागतात. चालू गाणं ॲपने आधीच पुढे ओढून ठेवलेलं असतं, ते बोगद्यात पूर्ण होतं. पुढचं सुरू होत नाही. मुसळधार पावसात गाडी ४० वर आली की तोच बोगदा दहा मिनिटांचा. गाडीत नेटवर ऐकून बघायचं असेल तर बोगद्यातून बाहेर आल्यावर गाणं आपोआप सुरू होतं की पुन्हा बोट लावावं लागतं, एवढंच बघा.

उतरवलेली गाणी तुमच्या मालकीची नसतात. स्पॉटिफायला ३० दिवसांत एकदा तरी नेटवर यावं लागतं, नाहीतर ती बंद होतात. दुसरं ॲप घेताना हीच अट त्याच्या मदतीच्या पानावर शोधा. लॉगआउट केलं की डाउनलोड जाऊ शकतात. ‘क्लिअर डेटा’ केल्यावरही जातात, नुसती कॅशे (ॲपने तात्पुरती साठवलेली माहिती) पुसल्याने सहसा जात नाहीत. मेमरी कार्डात ठेवली आणि कार्ड सैल झालं तर तीच गत. जागा असेल तर फोनच्या आतच ठेवावीत.

आवाजाबद्दल थोडंच. ब्लूटूथचा साधा एसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवण्याची पद्धत) जेमतेम ३२८ केबीपीएस नेतो, त्यामुळे लॉसलेसचे जास्त पैसे भरून ब्लूटूथ स्पीकरवर ऐकण्यात अर्थ नाही. वर पंखा नि पत्र्यावर पाऊस असताना १६० आणि ३२० मधला फरकही सांगता येत नाही. वायरचे चांगले हेडफोन असतील तर गोष्ट वेगळी. त्यापेक्षा १९५०च्या सुमाराचं एक भावगीत आणि लगेच आजचं एक सिनेगीत लावून बघा. आवाज एकदम अंगावर आला तर सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा ठेवणारं ‘व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन’ चालू करा. ती सोय नसेल तर रात्रीच्या वेळी घरातले वैतागतील. शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी सलग मैफलीचे तुकडे केलेला अल्बम लावावा. तुकड्यांच्या सांध्यावर शांततेचा खड्डा पडत असेल तर समेची मजा गेलीच.

यादी संपल्यावर ॲप स्वतःहून काय लावतं, हे पहिल्या दिवशी पाहू नका. दोन आठवडे द्या. सकाळी अभंगांनंतर चौथ्या-पाचव्या गाण्याला ते हिंदी रिमिक्सवर घसरतं का, एवढं लक्षात ठेवा. मुलांना फोन देताना ‘प्रायव्हेट सेशन’ लावा किंवा हिस्टरी थांबवा, नाहीतर महिनाभर बडबडगीतं मागे लागतात.

पैसे भरण्याआधी

फॅमिली प्लॅन साधारण सहा जणांचा असतो आणि हिशोबाला स्वस्त पडतो. पण स्पॉटिफायसारख्या सेवांची अट सगळे एकाच पत्त्यावर राहण्याची. मुलगा डोंबिवलीला आणि आई-बाबा देवगडला असतील तर ती अट पाळली जात नाही, आणि पत्ता पुन्हा तपासला गेल्यावर कुणाचं तरी खातं बाहेर पडतं. एकाच साध्या खात्यावर दोघांनी ऐकायचं ठरवलं तर एकाने गाणं लावलं की दुसऱ्याचं थांबतं. अशा घरांनी दोन स्वतंत्र खाती घ्यावीत. गावाकडचा ऐकणारा जाहिराती सहन करत असेल तर त्याचं फुकटच राहू द्या. मात्र फुकट खात्यावर डाउनलोड सहसा नसतं, हे आधी सांगून ठेवा.

वर्षाचे पैसे एकदम भरू नका. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झालं, गाना २०२२ मध्ये फुकटचं पैशाचं झालं, रेसो आणि विंक २०२४ मध्ये गेले. त्यांच्याबरोबर लोकांनी मेहनतीने लावलेल्या याद्याही अडचणीत आल्या. आपली यादी दर दोन-तीन महिन्यांनी स्क्रीनशॉट काढून किंवा वहीत उतरवून ठेवावी. गाणं, गायक, अल्बम, एवढं पुरे. हक्क बदलले की यादीतली गाणी करडी पडतात, तेव्हा काय गेलं ते या वहीवरूनच कळतं.

चाचणीचं खातं उघडताना यूपीआय ऑटोपेची परवानगी दिली जाते. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी संदेश येतो, पण तेव्हाच रेंज नसेल तर तो वाचायचा राहतो. म्हणून मुदतीच्या तीन दिवस आधीचा गजर लावा. ॲप फोनमधून काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. आधी ॲपच्या किंवा प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शन पानावर ती रद्द करा, मग यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ या भागात जाऊन तिथेही ते बंद झालेलं दिसतंय का बघा. गणपतीला गावी निघताना हे सगळं मुंबईतच उरकावं, आरत्या-भजनांच्या डाउनलोडसकट. त्या दिवसांत अख्खी चाकरमानी मंडळी एकाच टॉवरवर येते, आणि फोनवर पूर्ण कांड्या दिसत असूनही गाणं पुढे सरकत नाही.