बेसबॉल बघताना आधी बॉल जिवंत की डेड ते बघा

मागच्या रविवारी गंगापूर रोडच्या एका मैदानावर भाच्याची प्रॅक्टिस मॅच होती. तो फर्स्ट बेसवर (चार बेसपैकी पहिल्यावर), बॅटरला चौथा 'बॉल' पडला (ठरलेल्या पट्ट्याबाहेर टाकलेला आणि बॅटरने बॅट न फिरवलेला), म्हणजे वॉक, बॅटरला फर्स्ट बेस फुकट. भाचा आरामात चालत सेकंडला गेला, बेसवर पाय ठेवला आणि बुटातली माती झटकायला बेसवरून खाली उतरला. कॅचरने (बॅटरमागचा कीपर) बॉल सेकंडला दिला, तिथल्या पोराने ग्लव्हज त्याच्या खांद्याला लावला, आउट! घरी येईपर्यंत एकच प्रश्न, "मावशी, वॉक होता ना, मग मी आउट कसा?" त्याला समजावलं तेच इथे लिहितेय, कारण क्रिकेट बघत मोठे झालेले आपण सगळे इथेच अडकतो.

सगळ्यात आधी एक सवय लावा. काहीही गोंधळ झाला की चूक कोणाची ते नंतर, पहिला प्रश्न हा की बॉल जिवंत आहे की डेड. लहानपणी लगोरी खेळताना "टाइम प्लीज" म्हटलं की सगळं थांबायचं ना, तसं अंपायर दोन्ही हात वर करून "टाइम" म्हणाला की बॉल डेड, मग कोणी आउट होत नाही आणि कोणी स्वतःहून पुढेही पळू शकत नाही. मारलेला बॉल फाउल, म्हणजे रेषेबाहेर, गेला आणि कोणी झेलला नाही तर डेड. पण फाउल झेलला तर बॅटर आउट आणि बॉल जिवंतच, रनर (बेसवर पोचलेला बॅटिंगवाला) आपल्या बेसला पाय लावून पुढे पळू शकतो. हे नवीन माणसाला हमखास चकवतं.

आता वॉक. असे चार 'बॉल' पडले की बॅटरला फर्स्ट बेस मिळतो (हा चारचा आकडा १८८९ पासूनचा, त्याआधी एके काळी नऊ लागायचे). फर्स्टवर आधीच कोणी असेल तर त्याला जागा करून द्यावी लागते, म्हणून त्याला सेकंड फुकट. पण फर्स्ट रिकामा आणि सेकंडवर एकटा रनर असेल तर त्याला कोणी ढकलत नाही, त्याला काहीच फुकट नाही. आणि मुख्य म्हणजे वॉकवर बॉल डेड होत नाही! आपल्या वाइडसारखंच समजा, कीपरकडून सुटला तर रन पळता येतात आणि क्रीझबाहेर गेलात तर स्टंपिंग पण होतं. भाच्याला सेकंडपर्यंत संरक्षण होतं, बेसला पाय लागला आणि ते संपलं. पिचरचा (बॉल टाकणाऱ्याचा) बॉल बॅटरच्या अंगावर लागला तरी फर्स्ट मिळतो पण तिथे मात्र बॉल डेड, म्हणून या दोन गोष्टी एकात मिसळू नका.

मग येतो इंटरफिअरन्स, इथे जरा थांबून वाचा. बॅटिंगवाल्यांनी फिल्डरला अडवलं तर इंटरफिअरन्स. बॉल तिथेच डेड, अडवणारा बहुतेक वेळा आउट, बाकीचे साधारणपणे मागच्या बेसवर परत. क्रिकेटमध्ये मुद्दाम अडवलं तरच आउट देतात, इथे तसं नाही. फिल्डर मारलेला बॉल अडवायला जातोय आणि रनर त्याच्या वाटेत आला तर हेतू कोणी विचारत नाही, वाट सोडणं हे रनरचं काम. पण फेकलेल्या थ्रोच्या वाटेत आला तर मुद्दाम केलं का ते बघतात. १९७८ च्या वर्ल्ड सिरीजच्या (अमेरिकन बेसबॉलची फायनल) चौथ्या मॅचमध्ये यांकीजचा रेगी जॅक्सन फर्स्ट-सेकंडच्या मध्ये उभा होता, थ्रो त्याच्या कमरेला लागून बाजूला गेला, समोरचे डॉजर्सवाले भांडले पण अंपायरनी मुद्दाम मानलं नाही, रन झाला आणि यांकीज ४-३ ने जिंकले. त्याने कंबर पुढे काढली असं मला स्पष्ट वाटतं, तो आउटच द्यायला हवा होता.

उलटं झालं, म्हणजे हातात बॉल नसताना फिल्डरनेच रनरला अडवलं, तर ते ऑब्स्ट्रक्शन. २०१३ च्या वर्ल्ड सिरीजची तिसरी मॅच यावरच संपली. कार्डिनल्सचा ॲलन क्रेग थर्डवर खाली पडलेल्या रेड सॉक्सच्या फिल्डर मिडलब्रुक्सला अडखळला, होमला (शेवटच्या बेसवर) टॅग झाला, म्हणजे अंगाला बॉल लावला, तरी त्याला रन दिला, ५-४. मिडलब्रुक्सने मुद्दाम केलं नव्हतं, पण इथेही हेतू लागत नाही.

कॅचरच्या ग्लव्हजला बॅट लागली तर त्यालाही इंटरफिअरन्सच म्हणतात, तेव्हा बॅटरला फर्स्ट मिळतो. तिथे अंपायर लगेच खेळ थांबवत नाही, कारण बॅटर आणि सगळे रनर एकेक बेस पुढे गेले तर ती चूक धरतच नाहीत.

भाच्याला हे सगळं डायनिंग टेबलवर चार वाट्या मांडून दाखवलं, मिठाची डबी रनर आणि लिंबू बॉल. पाचव्या वेळी मी लिंबू कॅचरकडून सेकंडला सरकवलं तेव्हा त्याने डबी वाटीला घट्ट टेकवून धरली आणि माझ्या तोंडून "टाइम" येईपर्यंत सोडली नाही.