बर्गनमध्ये एकच दिवस असेल तर

नॉर्वेच्या या बंदरात वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो, तेव्हा तो धरूनच बेत आखा. छत्री वाऱ्यात उलटते; टोपीचा रेनकोट आणि न घसरणारे बूट हवेत.

सकाळी आधी खालून फ्ल्योयेन डोंगराचा माथा दिसतो का पाहा. दिसत असेल तर लगेच फ्ल्योयबानेन गाठा, क्रूझच्या गर्दीची रांग लागण्याआधी. १९१८पासून धावणारी ही दोरखंडाची रेल्वे काही मिनिटांत ३२० मीटर उंचीवर नेते. तिकीट एकाच बाजूचं काढा. पायवाटेने पाऊणएक तासात आरामात उतरता येतं. माथा ढगात असेल, तर वर फक्त पांढरं धुकं दिसेल. मग आधी ब्रिगेन, म्हणजे बंदराच्या धक्क्यावरची जुनी लाकडी घरांची वस्ती, करा.

तिथे बहुतेकजण रंगीत दर्शनी भागाचा फोटो काढून निघतात. खरी मजा मागच्या बोळांत: १७०२च्या आगीनंतर जुन्याच धाटणीत उभारलेली, एकमेकांवर कललेली लाकडी घरं. ओल्या फळ्यांवर मात्र जपून.

मासळी बाजार बघण्यापुरता ठीक, जेवण फार महाग. बेकरीतला शिलिंग्सबोले, म्हणजे दालचिनीचा गोड पाव, घ्या, पाणी नळाचं भरा. रविवारी बहुतेक दुकानं बंद. विमानतळाला ट्रामने जा, पाऊण तास धरा.