देवगिरीचा धनाढ्य खलनायक: गेमसाठी तो कसा उभा करायचा

ऐतिहासिक साहसी गेमची गोष्ट लिहायला बसलं की खलनायक म्हणून बहुतेकांना सुलतान नाहीतर सेनापती सुचतो. माझ्या मते आपल्या मराठवाड्याच्या मातीला त्याहून जबर माणूस शोभतो: पैसा बक्कळ, पण मनात सल घेऊन बसलेला व्यापारी. माझा दिवस जालन्याच्या मोंढ्यात आडतीवर जातो आणि रात्री मित्रांबरोबर देवगिरीवरचा गेम चाललेला असतो. असा खलनायक कसा घडवायचा, ते त्याच गेमच्या आधारानं सांगतो.

सगळ्यात आधी काळ आणि जागा पक्की करा. आम्ही १२९६ साल घेतलं. अलाउद्दीन खलजी तेव्हा सुलतान झालेला नव्हता, उत्तरेतल्या कडा प्रांताचा सुभेदार होता. एलिचपुरावरून (आजचं अचलपूर) तो देवगिरीवर येऊन धडकला. मोठी फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली. देवगिरीचा यादव राजा रामदेवराव यानं गडाचा आसरा घेतला, खालचं शहर लुटलं गेलं. शंकरदेव परत आला, लढला, हरला. गडावरच्या गोण्या उघडल्या तर धान्याऐवजी मीठ निघालं, आणि राजाला तह करावा लागला.

फरिश्ता या फारसी इतिहासकारानं ही हकीकत सुमारे तीनशे वर्षांनी लिहिली. त्याच्या सांगण्यानुसार कोकणातून मीठ घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांनी भीतीनं माल टाकून पळ काढला, आणि धान्य समजून तोच माल गडावर चढवला गेला. आता मोंढ्यातल्या माणसाला इथं पहिला प्रश्न पडतो: गोणी उघडून न बघता माल घेतला कुणी? आणि ‘धान्यच आहे, न्या वर’ असं म्हणालं कोण? इतिहासात त्याचं नाव नाही. तुमचा खलनायक नेमका तिथं बसवा. नोंद जिथं गप्प आहे तिथंच काल्पनिक माणूस उभा करायचा. रामदेवराव किंवा त्याचा मंत्री हेमाद्री पंडित यांच्यासारख्या खऱ्या माणसांवर पुराव्याशिवाय दगाबाजीचा डाग लावू नका. व्यापारी काल्पनिक आहे, हे गेमच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहा. आमच्या व्यापाऱ्याचं नाव नागसेटी.

यानंतरचं काम सगळ्यात अवघड, आणि त्यावर वेळ घालवा: त्याला सल कसली? ‘लोभ’ हे उत्तर चालत नाही, कारण त्याच्याकडे सगळं आहे. पैशानं जी एक गोष्ट मिळाली नाही, ती शोधायची. ‘अनचार्टेड ४’ (२०१६) या गेममधला खलनायक रेफ ॲडलर बघा. वारशानं आलेली अफाट संपत्ती, हाताखाली भाडोत्री सैन्य, आणि तरी गेमचा नायक नेथन ड्रेक याचं नाव निघालं की तो आतून जळतो. कारण ड्रेकनं जे केलं ते स्वतःच्या बळावर केलं. ‘असॅसिन्स क्रीड २’ (२००९) मधला फ्रान्चेस्को दे पात्सी तर इतिहासातलाच माणूस. फ्लॉरेन्सच्या सावकारी घराण्यातला, तिथल्या मेदिची घराण्याच्या वर्चस्वानं डिवचलेला. २६ एप्रिल १४७८ रोजी कॅथेड्रलमध्ये जुलिआनो मेदिचीचा खून झाला, लोरेन्झो वाचला, आणि फ्रान्चेस्को फासावर लटकला. दोघांचंही मूळ एकच: घरात सोनं आहे, पण मान दुसऱ्याच्या दारात जातोय.

आपल्याकडचा मान कुठं मोजला जायचा? दगडात. पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा शिलालेख १२७३ ते १२७७ या काळातला. विठ्ठलाच्या देवळासाठी देणगी देणाऱ्यांची नावं त्यात कोरलेली आहेत, खुद्द रामदेवरावाचंही आहे. त्यावरून आम्ही एक काल्पनिक देऊळ रचलं. नागसेटीचा बाप बैलांचे तांडे हाकणारा. पोरानं धन जोडलं आणि देवळाला सगळ्यांपेक्षा जास्त दिलं. नाव मात्र कोरलं गेलं सगळ्यात खालच्या ओळीत, आणि पुढं फरशी बसवली तेव्हा ती ओळ झाकली गेली. मुद्दाम झाकली की चुकून, हे आम्ही कुठंच सांगत नाही. खेळाडू पहारीनं फरशी उचकटतो आणि ती ओळ स्वतः वाचतो. नागसेटीचा राग येण्याआधी त्याच्यावर अन्याय झाल्याचं खेळाडूला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. ही पायरी गाळलीत तर उरतो तो मिशीला पीळ देणारा ठरावीक सावकार, आणि तो आपण सिनेमांत शंभरदा पाहिलाय.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. सल जातीला किंवा धर्माला चिकटवू नका. त्याच पेठेत दुसरा एखादा व्यापारी दाखवा, जो वेढ्यात आपलं कोठार लोकांसाठी उघडतो. नागसेटी वाईट ठरतो तो त्याच्या निवडीमुळं, हे मग आपोआप कळतं.

पैसा दिसायला हवा तो खेळण्याच्या यंत्रणेत. नागसेटीच्या हातात तलवार देऊच नका. त्याच्याकडे पद्मटंक आहेत, म्हणजे यादवांची कमळाच्या छापाची सोन्याची नाणी. खेळाडूनं पहारेकऱ्याला दोन दिली, की नागसेटीची चार आधीच तिथं पोचलेली असतात. त्याला दुखावलं, की दुसऱ्या दिवशी पेठेत ज्वारीचा भाव चढतो आणि खेळाडूला मदत करणारी म्हातारी दार उघडत नाही. संवादाच्या पानभर ओळींनी जे साधत नाही, ते या भावाच्या पाटीनं साधतं.

गोण्यांचं रहस्यही हाताला लागेल असं ठेवा. मिठाची गोणी तेवढ्याच आकाराच्या ज्वारीच्या गोणीपेक्षा जड भरते. आमच्याकडचे जुने हमाल पाठीवर घेताच ओळखतात, त्यांची मानच वेगळी झुकते. म्हणून गड चढणाऱ्या हमालांची चाल आम्ही मुद्दाम संथ केली, पाय जरा फाकवून टाकलेले. मीठ ओल धरतं, तेव्हा गोणीच्या बुडाशी ओलसर काळपट डाग दाखवा. सगळ्यात चांगला धागा बैलांचा: ओझं उतरलं की बैल मान वळवून गोणी चाटायला लागतात. तिथं बाण किंवा चमकणारी खूण देऊ नका. शेतकऱ्याच्या घरातला खेळाडू लगेच थांबतो, शहरातला पुढं जातो आणि नंतर परत येतो. दोन्ही चालेल.

काळाचं भान झटपट सांगतो. १२९६ मध्ये तोफ नाही, चांदमिनार नाही, दौलताबाद हे नावही नाही. ते मुहम्मद तुघलकाच्या वेळचं. स्वयंपाकघरात मिरची, बटाटा, मका ठेवू नका, तिखटासाठी मिरी आहे. नागसेटीच्या तोंडी ‘हुजूर’, ‘मुजरा’, ‘खजिना’ असे फारसी-अरबीतून आलेले शब्द नकोत. ज्ञानेश्वरी १२९० मधली, म्हणजे भाषेचा कान तयार करायला घरातच साधन आहे. फक्त ओव्या जशाच्या तशा संवादात घालू नका, वाक्यं आजच्या माणसाला कळली पाहिजेत.

शेवट ठरवताना इतिहास आडवा येतो, आणि ते बरंच आहे. मीठ निघणारच, तह होणारच, खंडणी जाणारच. खेळाडूला ते बदलता येत नाही, तर त्याच्यासमोर दुसरा डाव मांडा. आमच्याकडे शेवटच्या प्रसंगात तो नागसेटीला कोठारात गाठतो. खंडणी भरायला राजाची माणसं त्याचं भांडार रिकामं करतायत. खेळाडूजवळ त्या झाकलेल्या ओळीचा ठसा असतो. तो दिला तर नागसेटी गोण्या कुणाकुणाच्या हातून वर गेल्या ते सांगतो, आणि नाहक पकडलेले हमाल सुटतात. नाही दिला तर त्याला शिक्षा होते, हमालांनाही होते.

हा प्रसंग पाच-सहा जणांना खेळायला द्या आणि मागं गप्प उभे राहा. सगळ्यांनी एकच पर्याय निवडला तर सल कच्ची राहिली, असं समजा. मग शेवटाला हात न लावता देवळातल्या फरशीचा प्रसंग पुन्हा लिहा.