ओएसपीएफ नेबर एक्सस्टार्टमध्येच अडकला होता, तो असा सुटला

नवीन लिंक जोडली, पिंग व्यवस्थित जात होतं, पण ओएसपीएफ (राउटर एकमेकांना मार्गांची माहिती देतात तो प्रोटोकॉल) काही फुलपर्यंत, म्हणजे नेबरशी (शेजारच्या राउटरशी) जोडणी पूर्ण होण्यापर्यंत, पोचेना. ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ केलं की एका राउटरवर एक्सस्टार्ट, दुसऱ्यावर एक्सचेंज, दोन्ही फुलच्या आधीच्या पायऱ्या. थोड्या वेळाने लॉगमध्ये ‘टू मेनी रीट्रान्समिशन्स’, नेबर डाउन, आणि पुन्हा पहिल्यापासून.

अशा वेळी बरेच जण एरिया, पासवर्ड, हॅलो-डेड टायमर तपासत बसतात. त्यात काहीच अर्थ नाही. हे जुळत नसतं तर नेबर एक्सस्टार्टपर्यंत आलाच नसता. तिथे अडकला म्हणजे पहिला संशय एमटीयूवर (इंटरफेसवरून जाणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार) घ्यायचा. नेबर ओळखण्यासाठीचं हॅलो पॅकेट छोटं असतं, ते आरामात जातं. पण त्यानंतरच्या डीबीडी (आपल्याकडच्या माहितीची यादी देणाऱ्या) पॅकेटमध्ये राउटर आपला एमटीयू लिहून पाठवतो, आणि तो समोरच्याच्या एमटीयूपेक्षा मोठा असला तर समोरचा ते पॅकेट सरळ टाकून देतो.

दोन्हीकडे ‘शो आयपी इंटरफेस’ पाहिलं: एकीकडे १५००, दुसरीकडे १४७६, कारण त्या बाजूला जीआरई टनेलचे (त्यात पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून जातं) २४ बाइट वजा झाले होते. साधं पिंग १०० बाइटचं, त्याला हे कळणारच नाही. डीएफ बिट (पॅकेटचे तुकडे करू नका ही खूण) लावून १५०० चं पिंग केलं तेव्हा ते गेलं नाही.

दोन्ही टोकांना ‘आयपी एमटीयू १४७६’ दिलं आणि नेबर लगेच फुल झाला. एमटीयूची ही तपासणीच बंद करणाऱ्या ‘एमटीयू-इग्नोर’नेही नेबर वर येतो, पण मी ते टाळतो, मोठी अपडेट पॅकेटं पुढे अडकू शकतात, आणि मग दोष शोधणं जास्त अवघड जातं.