बायको मेडिकलला, घर तुमच्यावर: आमच्या या चुका टाळा

हिचा धुळ्याला एमबीबीएसला नंबर लागला, तेव्हा मी अमळनेरभर सांगत सुटलो, "चार वर्षं काढायची, बस!" पहिली चूक तीच. अभ्यास साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी सीट असेल तर वर्षभराचा बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा. इंटर्नशिपला विद्यावेतन मिळतं, पण त्यात तिचा खर्च भागतो, घर नाही. हिशेब साडेपाच वर्षांचाच धरा.

दुसरी चूक कापसाची. मी नोकरीला, घरची चार एकर जिरायत. भाव चढेल म्हणून कापूस पुढच्या खोलीत छताला टेकेपर्यंत भरून ठेवला. भाव चढला नाही. पोरीच्या अंगाला खाज सुटली ती वेगळीच. तेवढ्यात फीची तारीख आली आणि हिची पोत सोनेतारणात गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती माहेरी गेली ती नुसत्या काळ्या मण्यांत. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं लक्ष गळ्याकडे होतं. आता पहिल्या वेचणीचा कापूस मिळेल त्या भावात विकतो आणि तो पैसा फीच्या वेगळ्या खात्यात टाकतो. त्या खात्याचं एटीएम कार्डच घेतलेलं नाही. भावाचा जुगार खेळायचाच, तर उरलेल्या कापसावर.

शैक्षणिक कर्जाला मी सातबारा घेऊन गेलो होतो. साहेबांनी हसून परत दिला. साडेसात लाखांच्या वर तारण लागतं, पण बँकांच्या कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याने शेतजमीन जप्त करता येत नाही, म्हणून बहुतेक बँका ती घेत नाहीत. घर किंवा एफडी दाखवावी लागते. अभ्यासक्रम अधिक एक वर्ष हप्ता नसतो म्हणून निवांत राहू नका, व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. जमेल तेवढं दरमहा भरा. आणि कर्ज एकट्या बायकोच्या नावावर घेऊ नका. हप्ते तुम्ही भरलेत तरी शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरातली वजावट तुम्हाला मिळणार नाही. ती जुन्या करप्रणालीतच आहे, आठ वर्षांपर्यंत.

सगळ्यात महागात पडलं ते हिच्यापासून लपवणं. अभ्यासात डोक्याला ताप नको म्हणून मी उधारी सांगायचो नाही, आणि ही इकडे मैत्रिणींबरोबर नवी पुस्तकं घ्यायची. आता शनिवारी ती एसटीने येते, अर्ध्या तिकिटात. रात्री पोरगी झोपली की वही उघडतो. मागच्या खेपेला तिने सीनियरकडून जुनी पुस्तकं आणली आणि माझ्या भिशीवर काट मारली.